तारे घडवणाऱ्या हायड्रोजनचा माग

उत्तर आकाशात सप्तर्षींच्या परिसरात एम ८२ ही दीर्घिका आहे. एप्रिल महिन्यात धामणगाव रेल्वेसारख्या गावातून, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर शिवारात गेल्यास, रात्री लहान दुर्बिणीतून ती फिकट रेघेसारखी दिसते. तिचे अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे आहे. तिच्या गाभ्यात तारे विलक्षण वेगाने जन्माला येतात. अशा दीर्घिकांना ‘स्टारबर्स्ट’ दीर्घिका म्हणतात.

ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे हायड्रोजन. थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो रेडिओलहरी सोडतो. या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. दोघांच्या फिरकीची दिशा एकच असेल, तर कधीतरी इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते आणि २१ सेंटिमीटर लांबीची लहर बाहेर पडते. तिची वारंवारता सुमारे १४२० मेगाहर्ट्‌झ. एका अणूत असे घडायला सरासरी कोटभर वर्षे लागतात, परंतु अणूच इतके अगणित असतात की संदेश सतत येत राहतो. व्हान डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये या लहरीचे भाकीत केले. १९५१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात यूएन आणि पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष टिपली.

स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिटी उंच आणि दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या सुरात ऐकू येते. तसाच फरक या लहरीतही पडतो आणि त्यावरून वायूचा वेग कळतो. १९९४ मध्ये अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एम ८२, शेजारची एम ८१ आणि एनजीसी ३०७७ यांना जोडणारे हायड्रोजनचे लांबलचक पट्टे दिसले. या दीर्घिका पूर्वी एकमेकींच्या जवळून गेल्याची ती खूण होती. त्या ओढाताणीत वायू गाभ्याकडे लोटला गेला आणि एम ८२ मध्ये ताऱ्यांचा हंगाम सुरू झाला, असे मानले जाते.

हीच लहर टिपणारी मोठी दुर्बीण महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ‘जीएमआरटी’ उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकड्यांना अखंड पत्र्याऐवजी तारांची जाळी लावल्याने वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले.

२०२० मध्ये या दुर्बिणीने तारे घडवणाऱ्या ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे सरासरी प्रमाण मोजले. त्या दीर्घिकांतला साठा तेव्हाच्या वेगाने जेमतेम १०० ते २०० कोटी वर्षे पुरला असता. बाहेरून पुरेसा नवा वायू न मिळाल्याने विश्वातील तारानिर्मिती पुढे मंदावली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. एम ८२ लाही हाच नियम लागू आहे: हायड्रोजनची भर पडली नाही, तर ताऱ्यांचा हा हंगाम फार काळ टिकणार नाही.