ओढणारी गाडी, ढकलणारी गाडी

मोटार पुढच्या चाकांनी चालते की मागच्या, हे गाडी घेताना सहसा कुणी विचारत नाही. अ‍ॅव्हरेज विचारतात, रंग विचारतात. पण मी ज्या मुलांना गाड्यांचं काम शिकवत आलो, ती हमखास विचारतात, ‘‘सर, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागच्या चाकांवर करता येते का?’’ मागची बाजू घसरवत झोकदार वळण घेणारी गाडी त्यांनी पडद्यावर पाहिलेली असते. उत्तर ‘येते’ असंच आहे. पण त्या ‘येते’च्या पोटात काय काय दडलंय, तेच आज सांगायचं आहे.

बैलगाडी ओढली जाते, हातगाडी ढकलली जाते. मोटारींचंही तसंच. आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट, आणि मागच्या एक्सलवर डिफरन्शियल. डिफरन्शियलचं काम दोन: शक्तीला काटकोनात वळवून दोन्ही चाकांना वाटायची, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू द्यायचं. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायांशी जो उंचवटा असायचा, तो या शाफ्टसाठी. घरातलं सर्वांत लहान पोर नेहमी तिथंच बसवलं जाई.

१९५९ साली इंग्लंडात ‘मिनी’ आली. तिच्यात इंजिन आडवं बसवून पुढचीच चाकं फिरवली होती. शाफ्ट गेला, उंचवटा गेला, इवल्याशा गाडीत चार माणसं मावू लागली. १९६९च्या फियाट १२८मध्ये आडवं इंजिन आणि त्याच्या शेजारी गिअरबॉक्स अशी सुटसुटीत मांडणी होती. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत. बहुतेक छोट्या गाड्यांनी पुढे हीच वाट धरली. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, तीही याच वाटेची.

मग मागच्या चाकांचा हव्यास कशासाठी? कारण टायरची पकड. रस्ता धरून ठेवण्याची टायरची ताकद ठरावीक असते. पुढच्या चाकांना गाडी वळवायची आणि ओढायचीही असेल, तर ती ताकद दोन कामांत वाटली जाते. शिवाय जोरात वेग घेताना किंवा चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर कलतं. पावसात घाट चढताना, मागे माणसं आणि सामान भरलेलं असताना पुढची चाकं जागच्या जागी फिरतात ती त्यामुळेच. आपली एसटी आणि मालाचे ट्रक मागच्या चाकांवर चालतात, ते उगाच नाही. पण रिकाम्या छोट्या गाडीला, चिखलात, इंजिनाचं वजन फिरत्या चाकांवर असणंच सोयीचं. माझ्या मते रोजच्या वापराला पुढची चाकंच बरी.

एका मुलानं मला मोठा हुशारीचा मार्ग सुचवला होता. मारुतीच्याच व्हॅनमध्ये, म्हणजे ओम्नीत, ८००सारखंच ७९६ सीसीचं इंजिन असे. ते पुढच्या सीटखाली उभं बसवलेलं, आणि चालत मात्र मागची चाकं. ‘‘तर मग ओम्नीचा गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल आणायचा, ८००ला लावायचा. झालं!’’

कागदावर झालं. आता बॉनेट उघडा. इंजिन नव्वद अंशांत फिरवायचं, तर त्याच्यामागे गिअरबॉक्स आला. तो थेट बसायच्या जागेत घुसतो. म्हणजे मधला पत्रा कापा, पेडल सरकवा, स्टिअरिंगची रॅक वाटेत येते का बघा. खाली शाफ्टसाठी बोगदा करा. मागच्या सीटखाली बहुधा पेट्रोलची टाकी असते, ती शाफ्टच्या वाटेवर येणार. सायलेन्सरचा पाइपही तिथलाच.

याहून नाजूक दोन गोष्टी आहेत. पहिली पुढच्या चाकांची. अनेक गाड्यांत पुढच्या चाकाचं बेअरिंग घट्ट धरून ठेवतो तो ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा जॉइंट आणि त्यावरचा नट. पुढचे शाफ्ट आता नकोत म्हणून सगळेच काढून टाकले, तर बेअरिंग सैल होऊन चाक डुगडुगायला लागेल. त्यामुळे टोकाचा जॉइंट तेवढा जागेवर ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट बॉडीची. या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हीच चॅसिस. मागचा भाग चाकं सांभाळायला केलेला असतो, ढकलण्याचा जोर सोसायला नव्हे. एक्सल जिथं जोडाल, तिथं महिन्या-दोन महिन्यांत पत्र्याला चीर गेली, तर आश्चर्य नाही. चीर बाहेरून दिसत नाही, हीच भीती.

याहून सोपी युक्ती कारखान्यांनी केली. शाफ्ट मागे नेण्यापेक्षा इंजिनच मागे न्यायचं! फियाटनं १९७२च्या एक्स १/९ या दोन सीटच्या गाडीत १२८ची आख्खी पुढची जोडणी उचलून माणसांच्या पाठीमागे ठेवली. रेनॉनं तर कमालच केली. रेनॉ ५ ही बाजारहाटाची, पुढच्या चाकांची गाडी. १९८० साली तिच्या मागच्या सीटच्या जागी १३९७ सीसीचं टर्बो इंजिन बसवून मागची चाकं फिरवली. मागची बाजू गालफुगी दिसू लागली, कारण चाकं रुंद झाली. १९८१च्या माँटे कार्लो रॅलीत जाँ रॅन्योती हीच गाडी घेऊन पहिला आला. पण त्यासाठी बॉडीचा मागचा भाग नव्यानं घडवावा लागला होता.

अशा फिरवाफिरवीत एक गंमतही होते. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागच्या एक्सलच्या मागे असतं. ते पुढे आणायला इंजिन-गिअरबॉक्सची जोडी उलटी फिरवली, की चाकंही उलटी फिरतात. म्हणजे चार रिव्हर्स गिअर आणि पुढे जायला एकच! डिफरन्शियलचं मोठं दातेरी चक्र दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं, तेव्हा गाडी सरळ चालते.

मुलांना मी यानंतर चालवण्याचं सांगतो. पुढच्या चाकांची गाडी पकड सुटली की बहुधा नाकासमोर सरकते. पाय हलका केला की सावरते. मागच्या चाकांच्या गाडीची पकड ऐन वळणावर सुटली, तर शेपूट पुढे येऊन गाडी गरकन फिरते. वजन बदललं म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळही बदलला. आणि घरची गाडी उद्या आईही चालवणार असते.

कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो, की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी पडेल अशी गाडी बदलता येत नाही. सीएनजीसारख्या मंजूर बदलांची गोष्ट वेगळी. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच काढील. म्हणून ज्यांना हौस आहे, त्यांना मी सांगतो, रस्त्यावर न येणारी, फक्त ट्रॅकवर धावणारी गाडी करा, आणि वेल्डिंग जाणत्या माणसाकडून घ्या.

विजेच्या गाड्यांनी मात्र हा सगळा पसारा आवरला आहे. मोटर एवढीशी, ती सरळ मागच्या चाकांमधे बसते; शाफ्ट नको, बोगदा नको. व्होल्वोनं २०२३ साली आपली एका मोटरची एक्ससी ४० रिचार्ज पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर आणली. दोन मोटरींच्या गाडीसाठी मागची जागा आधीच तयार होती, त्यामुळे बॉडी कापावी लागली नाही. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या २०२४च्या गाड्याही मागच्या चाकांवरच चालतात. त्या मुलाला परवा त्यातली एक उघडून दाखवली. तो बराच वेळ गाडीखाली वाकून शाफ्ट शोधत होता.