कॉर्निंग : काचेत मोकळा झालेला उजेड

न्यूयॉर्कहून नायगाऱ्याकडे निघालेल्या सहलीच्या बसगाड्या वाटेत अनेकदा कॉर्निंग या छोट्या गावी थांबतात. अमेरिका पाहून आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांकडे या थांब्याचे फोटो सापडतील. भट्टीतून निघालेला धगधगता गोळा फुंकून त्याची फुलदाणी करणारा कारागीर बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि काचवस्तूंच्या दुकानात खरेदीही झालेली असते. एवढ्यात निघायची वेळ होते. त्या धावपळीत जे पाहायचे राहून जाते, त्याबद्दल हे लिहीत आहे.

कॉर्निंग काचेवरच जगले आहे. चेमंग नदीकाठच्या या गावात १८६८ मध्ये आधीपासून चालू असलेली एक काचकंपनी आपला कारखाना घेऊन आली. एडिसनच्या विजेच्या दिव्यांसाठी काचेचे फुगे इथेच फुंकले गेले. कंपनीच्या शतकपूर्तीच्या वर्षी, १९५१ मध्ये, कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लास उघडले. आज तिथे सुमारे ३,५०० वर्षांच्या काचकलेतील पन्नास हजारांहून अधिक वस्तू आहेत. जून १९७२ मध्ये नदीला महापूर आला आणि दालनांत पुरुषभर पाणी शिरले. शेकडो वस्तू फुटल्या, ग्रंथालयातील पुस्तके भिजली. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दारे पुन्हा उघडली. पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी १९३४ मध्ये ओतलेली आणि ओततानाच बिघडलेली २०० इंच व्यासाची अवाढव्य तबकडीही इथे मांडलेली आहे. फसलेला प्रयोग इतक्या मानाने जपणारे संग्रहालय मला विशेष आवडते.

पण खरे थांबायचे ते स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा या चेक दांपत्याच्या ओतीव काचेच्या शिल्पांपाशी. त्यांचे ‘उल्का, फूल, पक्षी’ हे शिल्प १९८० चे, म्हणजे संग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली त्या वर्षीचे. ‘लाल पिरॅमिड’ १९९३ चे. या दोन तारखांच्या दरम्यान १९८९ येते. त्या वर्षी चेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट राजवट कोसळली.

लिबेन्स्की चित्रकार होते आणि ब्रिख्तोव्हा शिल्पकार. झेलेझ्नी ब्रोड या काचकामाच्या गावात १९५४ च्या सुमारास दोघांची गाठ पडली. लिबेन्स्की कोळशाने रेखाटन करत आणि ब्रिख्तोव्हा त्याचा मातीत नमुना घडवत. मग साचा तयार होई, त्यात काच वितळवली जाई आणि ती अतिशय सावकाश निववली जाई. मोठ्या शिल्पाला निवायला कित्येक आठवडे लागतात. घाई केली तर काच आतल्या ताणानेच तडकते. हे सहजीवन लिबेन्स्की २००२ मध्ये वारले तेव्हाच थांबले. कोणती रेघ कोणाची, हे त्यांच्या शिल्पावरून सांगता येत नाही. सुसंवाद म्हणतात तो हाच, असे मला वाटते.

कम्युनिस्ट राजवटीच्या काळात त्यांच्या देशात चित्रकारांवर आणि शिल्पकारांवर सरकारची करडी नजर असे. अमूर्त कला संशयास्पद ठरे. काच मात्र पेले-फुलदाण्यांची, सजावटीची गोष्ट समजली जाई, त्यामुळे तिच्याकडे तितकेसे लक्ष नसे. या फटीतून एका पिढीने आपले स्वातंत्र्य जपले. एकदा मात्र राज्यकर्त्यांच्या ते ध्यानात आले. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. पुढे १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनासाठी या दोघांनी ‘जीवननदी’ नावाची प्रचंड काचभिंत घडवली आणि तिच्यात सैनिकी बुटांचे ठसे उमटवले. हुकूम सुटला आणि ठसे घासून काढण्यात आले. मायदेशी परतल्यावर दोघांना त्याची किंमतही मोजावी लागली.

‘लाल पिरॅमिड’समोर उभे राहताना हे ठाऊक असावे. शिल्प सुमारे चार फूट रुंद आहे, पण त्याच्या आकारापेक्षा त्याचा रंग आपल्याला धरून ठेवतो. काच सगळी एकच, तरीही जिथे जाड तिथे ती रक्तासारखी गडद, काळसर दिसते आणि जिथे पातळ तिथे पेटलेल्या निखाऱ्यासारखी उजळते. छटा बदलते ती केवळ जाडीमुळे. बाजूला दोन पावले सरकलात की गडद जागा उजळते आणि उजळ जागा विझते. एरवी दगडाच्या किंवा धातूच्या शिल्पावर उजेड बाहेरून पडतो. इथे तो आत शिरतो, अडतो, वाट काढतो आणि आपल्यापर्यंत येतो. जड, बंदिस्त वाटणाऱ्या वस्तूच्या पोटात असा मोकळेपणा ठेवणे, हे या दोघांचे मोठेपण. त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा काचेवर कोरली नाही आणि मुठी वळलेले पुतळेही केले नाहीत. म्हणूनच ही शिल्पे आजही बोलतात.

त्यांचा प्रभाव दूरवर पोचला. आज जगभर नाव असलेले अमेरिकन काचशिल्पी डेल चिहुली १९६९ मध्ये त्यांना भेटायला खास चेकोस्लोव्हाकियात गेले होते. संग्रहालयात २०१५ मध्ये समकालीन कलेसाठी पांढरीशुभ्र नवी दालने उघडली. तिथे छतातून दिवसाचा उजेड झिरपतो, आणि काच पाहायला तोच उत्तम.

कॉर्निंगला जाणार असाल तर फुंकणीचे प्रात्यक्षिक जरूर पाहा, मुलांना ते फार आवडते. मात्र दुकानाकडे वळण्याआधी निदान अर्धा तास या चेक दांपत्यासाठी राखून ठेवा. आणि शिल्प एकाच जागेवरून पाहू नका, त्याच्याभोवती सावकाश फिरा.