आधार: चौकात काय बोलतात, कायद्यात काय लिहिलंय

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेत मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, ज्याला आता सगळे नुसतं 'एसआयआर' म्हणतात. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांत बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, फॉर्म घेऊन आले, की आधी आधारची झेरॉक्स पुढे व्हायची. 'आधार आहे ना आमचं, मग आणखी काय हवं?' आणि त्याच घरात सुनेला बजावलेलंही असायचं, 'आधारचा नंबर कुणाला सांगू नको, खातं साफ होईल.' एकाच कार्डावर नको तितका भरवसा आणि त्याच कार्डाची नको तितकी धास्ती. या दोन्हींच्या गडबडीत खरी काळजीची गोष्ट बाजूला पडते: कार्डात किंवा यंत्रात चूक झाली, तर तिचा भुर्दंड कोणी सोसायचा? सरकारवर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. पण आधी समज-गैरसमज.

'आधार आहे, म्हणजे आम्ही भारताचे नागरिक'

नाही. २०१६ च्या आधार कायद्याचं नववं कलमच सांगतं, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. आधार मिळतं ते इथे राहणाऱ्याला. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूससुद्धा ते काढू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र हाती असलं म्हणून कुणी आपोआप नागरिक ठरत नाही. त्यानंतर सप्टेंबरात बिहारमधल्या एसआयआरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारला मतदारयादीसाठी चालणाऱ्या कागदांमधला बारावा दस्तऐवज म्हणून मान्यता दिली, ती ओळख पटवण्यापुरती, नागरिकत्वासाठी नव्हे.

मग नागरिकत्वाचं कार्ड कोणतं? तसं सर्वांना दिलेलं एकही कार्ड आपल्याकडे नाही. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात १४-अ हे कलम आलं आणि प्रत्येक नागरिकाची नोंद करून राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला, पण ते कार्ड आजवर घरोघर पोचलेलं नाही. नागरिकत्व ठरतं ते कुठे, कधी आणि कुणाच्या पोटी जन्मलो यावरून. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे, मोजके अपवाद सोडले तर. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांपैकी निदान एकाचं नागरिकत्व पाहिलं जातं आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाले.

वडोदऱ्यात याला एक जुना पदर आहे. इथली घराणी १ मे १९४९ पर्यंत बडोदे संस्थानची प्रजा होती. त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेने ही सारी माणसं भारताची नागरिक झाली, तेही कुणाच्या हातात कार्ड न देता. एसआयआरमध्ये गुजरातसाठी २००२ ची यादी पाया धरली गेली. तिच्यात आपलं किंवा आई-वडिलांचं नाव शोधायचं. ज्या सुना जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लग्न होऊन आल्या, त्यांना आई-वडिलांची नावं महाराष्ट्राच्या जुन्या यादीत धुंडाळावी लागली. त्यात गोंधळ उडाला तो कागदांचा, आणि तेवढ्यावरून कुणी परकं ठरत नाही.

'आधारमध्ये आपली सगळी कुंडली आहे'

आधारच्या मूळ साठ्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा असते. मोबाइल आणि ईमेल आपण दिले तर. जात, धर्म, भाषा, उत्पन्न, आजारपण यांची माहिती घ्यायचीच नाही, असं कायद्यात लिहिलेलं आहे. पडताळणी होते तेव्हा ती कशासाठी झाली, याची नोंद ठेवायलाही आधार चालवणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाला मनाई आहे.

तरीही भीती बिनबुडाची नाही. धोका त्या मूळ साठ्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला जास्त आहे. तोच बारा आकडी क्रमांक रेशन, बँक, शाळा आणि दवाखान्याच्या नोंदींत बसला, की वेगवेगळ्या खात्यांतली माहिती एका माणसाभोवती जोडणं सोपं होतं. २०१७ मध्ये केंद्र आणि राज्यांच्या मिळून सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघड्यावर असल्याचं खुद्द प्राधिकरणाने माहिती अधिकाराखालच्या उत्तरात मान्य केलं. ती माहिती कुणी चोरून नेली नव्हती. ती खात्यांनीच याद्यांसकट प्रसिद्ध केली होती, आणि हे मला चोरीपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

'नंबर कळला की पैसे गेले'

नुसत्या क्रमांकाने खात्यातून पैसे निघत नाहीत. त्यासाठी ओटीपी लागतो किंवा बोटाचा ठसा. पण ठसाही चोरीला जाऊ शकतो. जमिनीच्या दस्तांवर उमटवलेले अंगठे उचलून त्यांचे सिलिकॉनचे साचे केले आणि गावोगावच्या छोट्या यंत्रांवरून पैसे काढले, असे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत.

यावर उपाय हाताशी आहे आणि फारच थोडे लोक तो वापरतात. प्राधिकरणाच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग ठशाने कुठलाच व्यवहार होत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा द्यायचा असेल, तेव्हा तात्पुरतं उघडायचं. झेरॉक्स देण्याऐवजी पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार द्यावं. हॉटेलच्या काउंटरवर तेवढं पुरतं. आणि कार्ड हरवलं किंवा ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात इतर कागदांबरोबर वाहून गेलं, म्हणजे आधार गेलं असं नाही. डाउनलोड केलेलं ई-आधार तितकंच ग्राह्य असतं.

दहा वर्षं झाली की आधार बंद पडतं, ही अफवाही सोडून द्यावी. कागदपत्रं अद्ययावत करा, एवढीच ती सूचना आहे. मुलांचं मात्र पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक नव्याने द्यावंच लागतं.

'नाव चुकलंय, बदलून मिळेल की कधीही'

इथे थोडं थांबायला हवं, कारण वडोदऱ्यातल्या मराठी माणसाचं सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. एक नमुना पाहा. मुलगी महाराष्ट्रात जन्मली, शाळेच्या दाखल्यावर नाव सुनंदा. लग्नात सासरी नाव बदललं, वैशाली झाली. मतदारयादीत गुजराती पद्धतीने 'वैशालीबेन'. नवऱ्याच्या नावापुढे एका कागदावर 'राव', दुसऱ्यावर 'भाई', तिसऱ्यावर काहीच नाही. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. मूळ मराठी नाव, ते गुजराती लिपीत लिहिलेलं, त्यावरून इंग्रजी स्पेलिंग केलेलं. तीन टप्प्यांत 'जाधव' आडनावातला एक 'एच' गळतो. माणूस तोच आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, फक्त संगणक जुळवून घेत नाही. मग पॅन जोडलं जात नाही, पेन्शन अडते, विम्याचा दावा लटकतो.

आणि दुरुस्तीला मर्यादा आहे. आधारवर नाव सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदा, लिंग एकदा. पत्ता कितीही वेळा. म्हणून घाईघाईने जवळच्या केंद्रावर जाऊन 'करून टाका' म्हणू नये. आधी कुठलं रूप कायम ठेवायचं ते घरात बसून ठरवावं. शाळा सोडल्याचा दाखला (एलसी) किंवा जन्मदाखला हा पाया धरावा, लग्नाने नाव बदललं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला काढावा, पूर्ण नावच वेगळं झालं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावं, मग आधार, त्यामागून पॅन आणि शेवटी बँक. पावती मिळाली की स्क्रीनवरचं स्पेलिंग केंद्र सोडण्याआधी अक्षर अक्षर वाचावं, गुजराती ओळ आणि इंग्रजी ओळ दोन्ही.

वयाचा पुरावा म्हणूनही आधार कच्चं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधारवरच्या जन्मतारखेपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा एकमेव मुख्य पुरावा ठरवला आहे. नातवंडांचा जन्मदाखला नीट जपा, त्यातलं नाव आजच तपासा.

'आता सगळीकडे द्यावंच लागतं'

२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार वैध ठरवलं, पण त्याला कुंपण घातलं. सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या अनुदानाला आणि पॅनला आधार लागेल. बँक खातं, मोबाइल सिम, शाळाप्रवेश किंवा नीटसारख्या परीक्षांना सक्ती करता येणार नाही. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ अडवता येणार नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळा निकाल लिहून अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. २०१९ च्या दुरुस्तीने बँक आणि मोबाइलसाठी आधार ऐच्छिक केलं. त्याच दुरुस्तीने अठरा पूर्ण झालेल्या मुलाला सहा महिन्यांत आपलं आधार रद्द करून घेण्याची मुभाही दिली. जानेवारी २०२५ च्या नियमांनी खाजगी संस्थांसाठी दार पुन्हा काहीसं उघडलं आहे.

कागदावर 'ऐच्छिक' आणि काउंटरवर 'आधार नाही? मग उद्या या.' माणसाचा सरकारवरचा विश्वास इथे झिजतो. अशा वेळी पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्र पुढे करावं आणि ते नाकारलं तर कारण लेखी मागावं. लेखी देण्याची वेळ आली की बऱ्याचदा मार्ग निघतो.

'लपवायचं काही नाही, त्याला भीती कशाला?'

ज्यांचे ठसे कामाने झिजले, त्यांच्याकडे लपवायला काय असतं? धुणी-भांडी करणारी बाई, विटा वाहणारा मजूर, ऐंशी वर्षांची आजी, यांचं बोट यंत्राने घेतलं नाही म्हणून रेशन नाकारता येत नाही. बुबुळ, ओटीपी, नाहीतर वहीत नोंद करून धान्य द्या, अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. दुकानदाराला हे सांगणारं कुणी शेजारी उभं राहिलं, तर त्या आजीची फेरी वाचते.

ओळखपत्रावर शंका घेणारा देशविरोधी, असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालची गोष्ट आठवावी. तिथल्या सरकारने आशियाई लोकांना ठसे देऊन नोंदणी करायची सक्ती केली, तेव्हा गांधीजींनी लढा दिला. पण १९०८ च्या सुरुवातीला तिथले मंत्री स्मट्स यांच्याशी तडजोड झाली, लोक स्वेच्छेने नोंदणी करतील आणि सरकार तो कायदा मागे घेईल, असं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वतः नोंदणी केली. त्यासाठी आपल्याच माणसाच्या हातचा मारही खाल्ला. कायदा मागे घेतला गेला नाही. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले जाळले गेले. संतापाचं मूळ ठशात कमी आणि मोडलेल्या शब्दात जास्त होतं.

ब्रिटनने २००६ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला आणि २०१० मध्ये तो रद्द केला, पुढे जमवलेली माहितीही नष्ट केली. जर्मनीत सोळाव्या वर्षापासून ओळखपत्र सक्तीचं आहे, पण बोटांचे ठसे कार्डातल्या चिपवरच राहतात, सरकारी मध्यवर्ती साठ्यात जात नाहीत. म्हणजे 'कार्ड हवं की नको' एवढाच वाद नसतो; माहिती कुणाच्या ताब्यात राहते, हेही ठरवावं लागतं.

आपल्याकडे निदान एक खिडकी उघडी आहे. आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं, याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहास प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ओटीपी देऊन पाहता येतो. तारीख, वेळ, तपासणारी संस्था आणि निकाल, सगळं दिसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचाही तो एकदा उघडून पाहा. अनोळखी नोंद आढळली तर आधी बायोमेट्रिक लॉक करा, मग १९४७ वर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर १९३० वर त्याच दिवशी कळवा आणि दोन्हीकडचे तक्रार क्रमांक लिहून ठेवा.