गावात आग लागली, तर बंब येतो कुठून?

बीड : उसाच्या फडावर वीजतारांची ठिणगी पडली, की फोन जातो तो शहरातल्या नगरपालिकेला. कारण गावाला स्वतःचे अग्निशमन दल नसते.

का नसते?
१९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी कामांच्या दोन याद्या दिल्या. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ती नाही.

मग बंब कोणाचा?
बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर यांपैकी जवळच्या पालिकेचा. काही वेळा साखर कारखान्याचाही.

तोवर आग कोण विझवते?
गावकरीच. ना पगार, ना प्रशिक्षण. पाण्याचे टँकर, फवारणी पंप, ओला पाला, माती हीच साधने. पेटत्या फडापुढचा ऊस तोडून मोकळा पट्टा काढला, तर शेजारचे शेत वाचते.

काय लक्षात ठेवावे?
१०१ किंवा ११२ वर कळवावे. तार तुटली असेल, तर महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये. पंचनामा लगेच करून घ्यावा. जळालेल्या उसाचे वजन आणि साखर रोज घटते.