मे महिन्यातला आगीचा अंगरखा

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी शहराच्या लष्कर भागातल्या बोळातलं एखादं कापडदुकान पेटलं, तर अग्निशमन जवानाने अंगात काय घालावं? ‘जाडात जाड’ हे उत्तर जिवावर बेतू शकतं.

आगीच्या पोशाखाला तीन थर असतात: बाहेर सहजी न पेटणारं अ‍ॅरामिड कापड, मध्ये पाणी अडवून वाफ सोडणारा पापुद्रा, आत उष्णतारोधक अस्तर. अमेरिकेच्या एनएफपीए मानकात उष्णतारोधाचा आकडा किमान ३५ लागतो. म्हणजे काय, तर प्रखर ज्वाळेत कातडी दुसऱ्या दर्जाची भाजायला साधारण साडेसतरा सेकंद लागतात. तेवढ्यात निसटता येतं, काम करता येत नाही.

पण तेच अस्तर शरीराची उष्णताही आत कोंडतं. म्हणून दुसरी अट: दर चौरस मीटरमागे किमान २०५ वॉट उष्णता बाहेर पडली पाहिजे. मेख अशी, की ही चाचणी २५ अंशांत होते! बाहेर ४५ असताना सगळी भिस्त घाम सुकण्यावर. अमेरिकेत कामावर दगावणाऱ्या जवानांत भाजण्यापेक्षा हृदयविकाराचे बळी जास्त, ते उगाच नाही.

शिवाय प्रत्येक संरक्षक पोशाख आगीसाठी नसतो. ग्वाल्हेरच्याच डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने सक्रिय कोळशाचा पोशाख विकसित केला. तो विषारी वाफ शोषतो. ज्वाळा अडवणं त्याचं काम नव्हे. तेव्हा जवळच्या मालनपूर औद्योगिक वसाहतीसाठी पोशाख निवडायचा, तर आधी कुठल्या गोदामात काय साठवलंय ते विचारायचं. आणि जवानाला किती मिनिटांनी बाहेर बोलवायचं, हेही खरेदीआधीच ठरवायचं.