आवाज येतो, शब्द पोहोचत नाहीत

‘मला ऐकू येतं रे, तुम्हीच पुटपुटता!’ भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या तोंडचं हे वाक्य प्लेनोतल्या ओळखीच्या चार-पाच घरांत तरी मी ऐकलंय. आमच्याकडे ते बाबा म्हणतात. गंमत म्हणजे त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. गॅरेजचं दार उघडलं की त्यांना सगळ्यात आधी कळतं. पण पाच वर्षांची नात काही सांगायला लागली की नुसते हसून मान डोलावतात. तिलाही ते समजतं. हल्ली शाळेतल्या गमती सांगायला ती आजोबांकडे जात नाही.

याला म्हणतात वरच्या पट्टीचा बहिरेपणा. आतल्या कानात शंखासारखी वळलेली कॉक्लिया असते. तिच्या तोंडाशी असलेल्या केशपेशी पातळ, तार आवाज टिपतात आणि खोलवरच्या खर्ज. वय आणि गोंगाट, दोघांचाही मार आधी तोंडाशी बसतो. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बाबांनी ३१ वर्षं भोसरीला प्रेस शॉपमध्ये काढली. कानात बोळे घालणं म्हणजे तेव्हा नाजूकपणा! अमेरिकेतली निऑश ही संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. (ढोल-ताशा पथकातल्या मित्रमंडळींनी हे वाक्य परत वाचावं.)

आता शब्द का निसटतात ते बघा. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर चालतो. स, श, फ, थ, ख यांतली फुंकर वरच्या पट्टीत आणि अगदी हलकी. ‘स’चा बराच भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो. एखाद्या ओळीतली अक्षरं पुसून फक्त काना, मात्रा, वेलांट्या ठेवल्या तर काय वाचाल? बाबांना तसं ऐकू येतं. सात की साठ, फोड की तोड, हे ते संदर्भावरून ओळखतात. नातीचा आवाज आधीच पातळ, त्यात तिचं मराठी टेक्सासच्या वळणाचं. अंदाज बांधायलाही आधार उरत नाही.

म्हणूनच मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना स्वरच फुगतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, जरा सावकाश बोलणं जास्त कामाचं. फोनचंही तसंच. जुनी टेलिफोन लाइन साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकते. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये सहसा जास्त पट्टी येते आणि व्हिडिओत ओठही दिसतात. त्यामुळे आई-बाबांना साधा फोन न करता व्हिडिओ कॉल करा.

प्लेनोला लागून असलेल्या रिचर्डसनमध्ये यूटी डॅलस विद्यापीठाचं कॅलियर सेंटर आहे. श्रवण आणि वाचा या विषयांचं मोठं केंद्र. याच विद्यापीठात प्रा. इसा पनाही यांच्या प्रयोगशाळेने स्मार्टफोनवर भोवतालचा गोंगाट कमी करणारी ओपन सोर्स ॲप्स केली आहेत. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी ती जरूर बघावीत.

बाबांची तपासणी आम्ही खिशातून केली, कारण त्यांच्या व्हिजिटर विम्यात ती नव्हती. आधी कानातला मळ बघितला, मग ऑडिओग्राम. १००० हर्ट्झपर्यंत रेघ जवळजवळ सपाट, तिथून घसरगुंडी. ४००० ला ६५ डेसिबल. आलेख बघून बाबा म्हणाले, “म्हणजे तुम्ही पुटपुटत नव्हता.”

यंत्राचं काम इक्वलायझरसारखं असतं. जिथे कमी आहे तिथेच वाढवायचं. अशा दोषात सहसा कान पूर्ण बंद न करणारं टोपण देतात, म्हणजे खर्ज आपोआप आत येतो आणि स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमत नाही. तरी पहिले काही आठवडे भांड्यांचा, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज टोचतो. बरेच जण इथेच यंत्र कपाटात टाकतात. स्मृतीबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण जाहिराती फार पुढे जातात. २०२३ च्या ‘अचीव्ह’ चाचणीत सगळ्या सहभागींचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीच जास्त धोका होता, त्यांच्यात मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती.

एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर मात्र यंत्रबिंत्र नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

राहिला प्रश्न, घ्यायचं कुठे? ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम दोषासाठी प्रौढांना यंत्र चिठ्ठीशिवाय मिळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरलाही एफडीएची परवानगी मिळाली. मोह मलाही झाला. पण बाबांची घसरण त्यापुढची आहे, आणि यंत्र घेतल्यावर दोन-चार वेळा जुळवून घ्यावं लागतं. वर्षातले बाकीचे महिने ते पुण्यात राहणार. म्हणून ऑडिओग्रामची प्रत बॅगेत ठेवली आहे आणि घराजवळच्या ऑडिओलॉजिस्टची पुढच्या महिन्याची वेळ आईने घेऊन ठेवली आहे.