चौतीस म्हणजे नेमके किती?

खामगावच्या बाजारात कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या मालाचे माप ठाऊक असते. वजन क्विंटलमध्ये होते, तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये सांगितली जाते, ओलावा टक्क्यांत मोजला जातो. भावावरून वाद होतो. पण क्विंटल म्हणजे शंभर किलो, यावरून होत नाही. हाच कापूस सूत होऊन, कापड होऊन, कुठेतरी शिवला जाऊन त्याच गावातल्या एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये परत येतो, तेव्हा मात्र त्याच्यावरचा आकडा कशाचा आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नाही आणि घेणारीला विचारता येत नाही. एका दुकानातला ‘एल’ अंगात शिरत नाही, समोरच्या दुकानातला ‘एम’ ढगळ होतो आणि ३४ क्रमांकाच्या तीन ब्रा तीन निरनिराळ्या मापांच्या निघतात. आपण जाड झालो, आपलेच शरीर बेढब आहे, अशी समजूत करून घेऊन बहुतेक स्त्रिया गप्प बसतात. वास्तविक घोटाळा त्या आकड्यातच आहे.

मराठी स्त्रीच्या पारंपरिक पोशाखाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. लुगडे वारांवर मोजले जाई, अंगावर नव्हे. खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. तेही लांबीरुंदीचेच माप. पुढे गाठ मारायच्या चोळीला तर आकाराची गरजच नव्हती. बाळंतपण झाले, वजन वाढले वा उतरले, तर गाठ थोडी अलीकडे-पलीकडे व्हायची. पुढे हुकांचा ब्लाउज आला आणि त्याबरोबर शिंपी आला. तरीही माप त्या त्या बाईचेच राहिले. आजही चिखलीत काय किंवा मलकापुरात काय, शिवायला टाकताना ‘मापाला’ म्हणून जुना, नीट बसणारा ब्लाउज दिला जातो. शास्त्रीयदृष्ट्या ही पद्धत मुळीच हसण्याजोगी नाही. परक्या माणसाने अंगाला टेप न लावता मिळालेले ते अचूक माप असते.

तयार कपड्यांनी हा संबंध तोडला. पंजाबी ड्रेस, कुर्ती, लेगिंग, गाऊन या वस्तू कोणा एकीसाठी शिवलेल्या नसतात. त्या एका कल्पित बाईसाठी शिवलेल्या असतात. ती बाई प्रत्येक कारखानदाराची वेगळी.

कुर्तीच्या गळ्यामागे ३८ लिहिलेले असते. हे ३८ इंच कशाचे? काही कारखानदारांच्या लेखी ते घालणारीच्या छातीचे माप असते; कपडा त्याहून दोन-चार इंच सैल ठेवलेला असतो. इतरांच्या लेखी ते प्रत्यक्ष कपड्याचे माप असते. म्हणजे ३८ इंच छातीच्या बाईला तो श्वासही घेऊ देणार नाही. दोघेही आपापल्या जागी खरे, कारण कोणता अर्थ घ्यायचा हे लिहिलेलेच नसते. त्यात कापडाची भर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, होजिअरीचे कापड ताणते. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक रचून यंत्राने एकदम कापतात. पाते जरा कलले की वरचा आणि खालचा थर सारखा राहत नाही. एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच क्रमांकाच्या दोन कुर्त्यांत अर्धा इंचाचा फरक पडणे त्यामुळे नवलाचे नाही.

याहून मोठी अडचण मोठे आकार काढण्याच्या रीतीत आहे. एका मधल्या आकाराचा नमुना करायचा आणि पुढच्या प्रत्येक आकारासाठी छाती, कंबर, नितंब सगळीकडे सारखेच दोन इंच वाढवायचे, हा सर्वसाधारण रिवाज. शरीर असे वाढत नाही. वय आणि बाळंतपणे यांनी कंबर व पोट भरते, दंड भरतात, खांदे मात्र जवळपास तेवढेच राहतात. म्हणून ‘डबल एक्सएल’ घेणाऱ्या बाईचे खांदे उतरतात आणि दंडात कपडा काचतो. पोट मोकळे राहावे म्हणून दोन आकार मोठे घ्यायचे आणि मग शिंप्याकडून खांदे आवळून घ्यायचे, हा उद्योग घरोघरी चालतो. त्याची मजुरी कपड्याच्या किमतीत कोणी धरत नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये जवळजवळ १५ हजार स्त्रियांची मापे घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा त्यावरील अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. मात्र हिशेबात गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली होती. त्या आधारावर १९५८ मध्ये तेथे एक अधिकृत आकारमान ठरले. कारखानदारांनी ते हळूहळू सोडून दिले आणि १९८३ साली ते रद्दच झाले. दरम्यान आकडे आपोआप लहान होत गेले. १९५८ च्या तक्त्यात ८ क्रमांकाला छाती ३१ इंच होती. १९९५ च्या तक्त्यात त्याच ८ ला ती ३५ इंच झाली. लहान आकडा अंगात बसला की गिऱ्हाईक खूश होते, हे व्यापाऱ्यांनी ओळखले होते. युरोपने २००१ पासून टप्प्याटप्प्याने शरीराची मापे सरळ सेंटिमीटरमध्ये, आकृतीसह लिहिण्याचे मानक आणले. ते सक्तीचे नसल्याने जुने क्रमांकही तेथे चालूच राहिले.

आपल्याकडचे एस-एम-एल प्रामुख्याने याच परदेशी तक्त्यांतून उचललेले. भारतीय स्त्रियांची, भारतीय पुरुषांचीही, देशव्यापी मोजदाद झालेलीच नव्हती. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर असा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला. १५ ते ६५ वयोगटातील २५ हजार व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूरु आणि शिलाँग ही सहा शहरे, अशी ती योजना. विदर्भातले एकही ठिकाण त्यात नाही. शेतात निंदण-खुरपण करणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड महानगरातल्या बाईसारखेच असतात काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक उरतोच.

ठरावीक मापांत घाऊक शिवणकामाचा धडा महाराष्ट्राला अलीकडे एकदा मिळाला आहे. २०२४-२५ या शालेय वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत गणवेशाच्या शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले. गणवेश उशिरा आले, आले ते अनेकांना बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. तेथे निदान तक्रार तरी उघडपणे करता आली. मुलांच्या गणवेशाबद्दल ग्रामसभेत बोलता येते. ब्राबद्दल बोलता येत नाही.

आणि सर्वांत अधिक घोटाळा तेथेच आहे. ब्राच्या आकारात दोन गोष्टी असतात. आकडा हा छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याचा. अक्षर हे कपचे. ए ते डी ही अक्षरे अमेरिकेत एस. एच. कँप या कंपनीने १९३२ च्या सुमारास वापरात आणली; वॉर्नर कंपनीने १९३७ मध्ये कपचे वेगवेगळे आकार बाजारात आणले. अक्षर ठरते ते दोन घेरांमधल्या फरकावरून. स्तनांच्या सर्वांत भरीव भागावरचा घेर पट्ट्याच्या आकड्याहून एक इंच अधिक असेल तर ए, दोन इंच तर बी, तीन तर सी, चार तर डी. याचा अर्थ असा की ‘बी’ हा स्वतंत्र असा आकारच नव्हे. ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए या तिन्हींच्या कपमध्ये साधारण सारखीच जागा असते. ‘बी म्हणजे मध्यम’ असे दुकानात सांगितले जाते, त्याला आधार नाही.

आता आकड्याकडे वळू. जुन्या पद्धतीत छातीखालचा घेर मोजून त्यात चार इंच मिळवत. नव्या पद्धतीत काही मिळवत नाहीत. छातीखाली ३० इंच आणि उभारावर ३५ इंच घेर असलेली एक स्त्री घ्या. जुन्या रीतीने तिचा पट्टा ३० अधिक ४, म्हणजे ३४. फरक एक इंच. ती ठरते ३४ ए. नव्या रीतीने पट्टा ३०, फरक पाच इंच. ब्रिटिश गणनेत ती ठरते ३० डीडी. आणि ज्या स्वस्त मालावर अक्षरच नसते, नुसता आकडा असतो, तेथे दुकानदार वरचा घेर धरून तिला ३६ देतो. बाई एक, टेप एकच, उत्तरे तीन. यांतल्या ३० डीडीसारखा आकार तालुक्याच्या गावात मागितला तर बहुधा हसू तरी येईल किंवा दुकानदार विषय बदलेल. तेथे मिळतात ते ३२ ते ४० हे आकडे, आणि बहुतांशी बी कप.

सेंटिमीटरने हा गुंता सुटायला हवा होता, तो वाढला. युरोपीय पद्धतीच्या खोक्यांवर ३४ शेजारी ७५ छापलेले असते. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. ७५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच. दोन्ही आकडे एकाच खोक्यावर नांदतात, कारण ७५ हे छातीखालचे खरे माप आहे आणि ३४ मध्ये ते जुने चार इंच मुरलेले आहेत. हीच ब्रा जर्मनीत ७५ बी, फ्रान्समध्ये ९० बी, इटलीत ३ बी आणि ऑस्ट्रेलियात १२ बी म्हणून विकली जाते. त्याच दुकानात पुरुषांच्या बनियनच्या खोक्यावर ८५ सेंटिमीटर असते आणि ते खरोखरच छातीचे ८५ सेंटिमीटर असतात. पुरुषाला आपले माप एकदा कळले की ते जन्मभर पुरते, यात त्याची हुशारी काहीच नाही.

मोठ्या शहरात निदान घालून पाहण्याची सोय असते. जिल्ह्यातल्या लहान दुकानांत कपडे घालून पाहायला आडोसा नसतो, गल्ल्यावर बहुधा पुरुष असतो आणि मागे गिऱ्हाइकांची गर्दी. आकडा हळू आवाजात सांगितला जातो, वस्तू कागदात गुंडाळून पिशवीत जाते. घरी गेल्यावर चूक कळते. पण अंतर्वस्त्र बदलून मिळत नाही आणि त्यामागे आरोग्याचे कारण असल्याने दुकानदाराला सर्वस्वी दोषही देता येत नाही. संग्रामपूरहून खामगावला किंवा लोणारहून मेहकरला पुन्हा जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. २०२३ मध्ये एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट झाले, तरी दिवस काही निम्मा होत नाही. मग ती चुकीची ब्राच फाटेपर्यंत वापरली जाते.

त्याची किंमत शरीर देते. स्तनांचा भार मुख्यतः पाठीच्या पट्ट्याने पेलायचा असतो. पट्टा सैल असला की तो भार खांद्यांवरच्या अरुंद पट्ट्यांवर येतो. खांद्यात खाचा पडतात, मान आणि पाठ दुखते. कप लहान असला की कडा रुतते. घाटाखालच्या तालुक्यांत, शेगाव-मलकापूरकडे, उन्हाळ्यात घामाने ओली राहणारी ती घट्ट कड म्हणजे बुरशीजन्य गजकर्णाला निमंत्रण. ब्रामुळे कर्करोग होतो, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

कायदा अगदीच मुका नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये वैध मापनाच्या आवेष्टित वस्तूविषयक नियमांत दुरुस्ती केली. सुट्या, उघड्या स्वरूपात विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना काही तपशिलांतून सूट मिळाली. पण उत्पादकाची माहिती, ग्राहक-संपर्क आणि कमाल किंमत यांबरोबरच एस, एम, एल यांसारख्या खुणेसह सेंटिमीटर वा मीटरमधले माप लिहिणे आवश्यक ठरले. छोट्या बाजारपेठांतल्या बऱ्याच मालावर तो सेंटिमीटर अजून शोधावाच लागतो. शिवाय ‘एम’ म्हणजे अमुकच सेंटिमीटर, असे हा नियम सांगत नाही. तरीही त्याचे महत्त्व आहे. कपडा अंगात बसला नाही एवढ्यावर तो सदोष ठरत नाही. परंतु लेबलवर कपड्याचे माप ९० सेंटिमीटर लिहिले असेल आणि प्रत्यक्षात ते ८४ भरले, तर ग्राहक आयोगापुढे मांडण्यासारखी गोष्ट हातात येते. ‘एल’ या अक्षराविरुद्ध अशी कोणतीच दाद मागता येत नाही.

तोवर टेप आपल्याच घरी असलेला बरा. शिंप्याकडे असते तशी साधी टेप मिळते. तिच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. छातीखाली, श्वास सोडून, टेप घट्ट धरून एक माप घ्यावे. उभारावर सैल धरून दुसरे. दोन्ही सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावीत आणि दुकानात आकड्याऐवजी तीच सांगावीत. कुर्तीसाठी घरातली नीट बसणारी कुर्ती सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावी आणि नवीन कुर्ती दुकानातच तशी मोजून पाहावी. मापाचा ब्लाउज देण्याचीच ही रीत आहे. ब्रा घेताना ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसेल अशी निवडावी. इलॅस्टिक वापराने ताणत जाते आणि आतल्या दोन हुकांच्या जागा त्या पुढच्या महिन्यांसाठी ठेवलेल्या असतात.